सक्युलंटच्या फुलांच्या जुन्या बोटॅनिकल प्रिंट्स: रेडीमेड सेट आणि बेळगावात छापून घेतलेल्या, दोन्हींचा रिव्ह्यू

हॉलच्या भिंतीसाठी सक्युलंटच्या, म्हणजे कोरफड-निवडुंगासारख्या पाणी साठवणाऱ्या जाड पाना-दांड्यांच्या झाडांच्या, फुलांची जुनी चित्रं हवी होती. आधी ऑनलाइन सहाचा रेडीमेड सेट मागवला, आणि नंतर मूळ पुस्तकांच्या स्कॅनवरून इथं बेळगावातच छापून, फ्रेम करून घेतली. आता दोन्ही घरात आहेत त्यामुळे शेजारी शेजारी ठेवून लिहिता येतंय. रेडीमेड सेटला पाचपैकी दोन, छापून घेतलेल्यांना पाचपैकी पाच. घाई असेल तर एवढंच वाचून थांबलात तरी चालेल, पण ज्यांना खरंच लावायची आहेत त्यांच्यासाठी सगळं नीट लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही.

आधी ही चित्रं मुळात का काढली गेली ते सांगते, ते कळलं की कुठली घ्यायची हे आपोआप कळतं. बाकीच्या झाडांचं कसं, फांदी तोडली, कागदात दाबली, वाळवली, शीटवर चिकटवली की झाला हर्बेरियमचा नमुना, दोनशे वर्षं राहतो. सक्युलंटचं तसं होत नाही. कोरफडीचं पान पुस्तकात दाबून बघा, एकतर सडतं, आणि काही काही जाती तर कागदाच्या आत महिनोन्महिने जिवंत राहतात आणि तिथंच कोंब काढतात. वाळलंच तरी आकार जातो, रंग जातो, हातात उरतं ते चिपाड. मग शास्त्रज्ञांनी एकमेकांना झाड दाखवायचं कसं? चित्र काढून. म्हणून ऑगस्टिन पिराम द कान्दोल या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९९ मध्ये पॅरिसला फक्त सक्युलंट्सचं पुस्तक काढायला घेतलं आणि त्याची चित्रं पिएर-जोसेफ रेदूतेनं केली, तोच रेदूते ज्याचे गुलाब आजही कपांवर आणि कॅलेंडरांवर दिसतात. ते पुस्तक भागाभागानं १८३७ पर्यंत चाललं. म्हणजे ही चित्रं शोभेसाठी काढलेलीच नव्हती, ती झाडाच्या जागी होती. शोभा आली ती काढणाऱ्याचा हात तसा होता म्हणून.

आता रेडीमेड सेटचं. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, तसे सेट विकणारे भरपूर आहेत आणि फोटोवरून सगळ्यांचा माल साधारण एकाच जातीचा दिसतो. पॅकिंग उत्तम होतं, जाड पुठ्ठ्याची नळी, वरून प्लास्टिक, ऐन पावसात आलं तरी कोपरासुद्धा ओला नाही, त्याचे दोन मार्क दिलेत. पण उघडून टेबलावर पसरलं आणि जीवच नाराज झाला. प्रत्येक चित्राखालची ओळ पुसलेली, झाडाचं नाव नाही, चित्रकाराचं नाव नाही, प्लेटचा, म्हणजे पुस्तकातल्या त्या चित्राच्या पानाचा, नंबर नाही. मूळ कागदाचा रंग काढून टाकून त्याजागी कॉम्प्युटरवर बनवलेला पिवळट, सुरकुतलेला कागद घातलाय आणि सहाही प्रिंट्सवर तीच सुरकुती त्याच जागी आहे, एकदा दिसली की मग दुसरं काही दिसतच नाही. फ्रेमच्या मापात बसावं म्हणून कोरफडीच्या फुलांचा दांडा वरून कापलाय. फुलाचंच चित्र आणि फुलाचाच शेंडा कापायचा? स्टॅपेलिया नावाच्या सक्युलंटचं फूल खरं तर गडद, काळपट जांभळं, ते इथं नारिंगी करून टाकलंय, सोफ्याच्या उशांना मॅच होईल असं. आणि सोबतच्या कार्डावर सहाही चित्रं रेदूतेची म्हणून लिहिलंय, त्यातलं एक तरी नक्की फ्रान्सिस मेसन या दुसऱ्याच माणसाचं आहे, त्याच्याबद्दल पुढं सांगते. कळवलं तर साचेबंद उत्तर आलं, परत घेणार नाही म्हणून.

ज्याला फक्त हिरवा-गुलाबी रंग भिंतीवर हवाय त्याला हे चालेल, त्यात काही वाईट नाही. पण जुनं चित्र म्हणून पैसे मोजत असाल तर ते जुनं चित्र यात उरलेलं नाही.

मग छापून घ्यायचं ठरवलं. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी म्हणून एक ऑनलाइन ग्रंथालय आहे, २००६ पासून, मोठमोठ्या म्युझियम आणि बोटॅनिकल गार्डनच्या लायब्रऱ्यांनी मिळून आपली जुनी पुस्तकं पान न पान स्कॅन करून तिथं टाकलीत, फुकट. अकाउंट पण लागत नाही. पुस्तक उघडायचं, हवं ते पान काढायचं, मोठी इमेज उतरवून घ्यायची. पान जसं आहे तसं येतं, डाग, कडा, खालची ओळ, सगळ्यासकट. या सेवेला पाचपैकी पाच द्यायचे ते कमीच आहेत, एवढं चांगलं काम जगात कुणीतरी करतंय याचंच मला फार अप्रूप वाटतं. कॉपीराइटची काळजी करू नका, आपल्याकडं चित्रकार वारल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतो आणि ही मंडळी बहुतेक दोनशे वर्षांपूर्वीची.

एकच गोष्ट बघायची, इमेज किती मोठी आहे. ए-थ्री साइजला ३०० डीपीआयनं, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, छापायचं तर साधारण ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. काही स्कॅन याहून मोठे आहेत, काही लहान. लहान असेल तर ए-फोरवर थांबा, ओढून ताणून मोठं केलं की बारीक रेघा फुटतात.

मी निवडलेल्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते रॉक्सबर्गचं. विल्यम रॉक्सबर्ग, स्कॉटिश डॉक्टर, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, आंध्रात सामलकोटला बाग करून राहिलेला. त्यानं कोरोमंडल किनाऱ्याच्या झाडांची चित्रं इथल्याच चित्रकारांकडून काढून घेतली आणि त्यातली ३०० निवडून १७९५ पासून लंडनला छापली गेली. त्यात स्टॅपेलिया अ‍ॅडसेन्डेन्स या नावानं एक प्लेट आहे. ते म्हणजे आपलं माकडशिंग! आता त्याला कॅरालुमा म्हणतात. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडं, पाऊस कमी तिकडं, दगडांच्या बेचक्यात नाहीतर निवडुंगाच्या आडोशाला उगवतं, चौकोनी हिरवी दांडी, वर वर निमुळती होत गेलेली, पान म्हणावं असं काही नाहीच, आणि शेंड्याकडं एकेक करून खाली मान घातलेली बारकी जांभळट फुलं. जाता-येता कुणी ढुंकून बघत नाही. गुराखी मोडून खातात, काहीजण भाजी करतात. आणि ते झाड त्या चित्रकारानं इतक्या प्रेमानं काढलंय की दांडीची एक कड उजेडात आणि दुसरी सावलीत हे सुद्धा सुटलेलं नाही. पुस्तकावर रॉक्सबर्गचं नाव आहे, पैसे देणाऱ्या कंपनीचं आहे, चित्र काढणाऱ्या आपल्या माणसाचं नाव त्या प्लेटवर कुठं नाही. म्हणून माझ्या हॉलमध्ये ते सगळ्यात मधे लावलंय. दारातून आत आलं की पहिलं तेच.

त्याच्या डावीकडं मेसनची स्टॅपेलिया ग्रँडिफ्लोरा. मेसन हा लंडनच्या क्यू गार्डन या बोटॅनिकल गार्डननं बाहेर पाठवलेला पहिला झाडं गोळा करणारा माणूस, १७७२ ला कॅप्टन कुकच्या जहाजातून दक्षिण आफ्रिकेला गेला. तिथल्या स्टॅपेलियांवर त्यानं १७९६-९७ मध्ये पुस्तक काढलं, चित्रं स्वतःची, तिथल्या तिथं झाडासमोर बसून काढलेली. आणि गंमत नाही हं, यातल्या काही जातींचं नाव आजसुद्धा या चित्रांवरच उभं आहे, वाळवलेला नमुनाच नसल्यामुळं शास्त्रज्ञ त्या प्लेटलाच मूळ नमुना धरतात. पाच पाकळ्यांचं तळहाताहून मोठं होऊ शकणारं फूल, काळपट जांभळं, आणि कडेनं केस. प्रिंट जवळून बघा, एकेक केस सुटा काढलाय. या फुलाला सडक्या मांसाचा वास येतो, माश्या मांस समजून येतात, अंडीसुद्धा घालून जातात आणि जाता जाता परागीभवन करून जातात. आपल्या सह्याद्रीतलं कंदीलफूल याच कुळातलं, ते माशीला कंदिलात कोंडून ठेवून तेच काम करून घेतं. शिवनेरीवरची शिंदळ माकुडी पण यांचीच बहीण. हे सगळं पाहुण्यांना सांगताना मला थांबवावं लागतं.

उजवीकडं रात्री फुलणाऱ्या कॅक्टसचं, गेऑर्ग एहरेटनं काढलेलं, न्यूरेंबर्गच्या डॉक्टर ट्रेवच्या पुस्तकातलं, जे १७५० पासून निघायला लागलं. टिळकवाडीत प्रत्येक दुसऱ्या गच्चीवर ब्रह्मकमळ आहे, पावसाळ्यात फुलणार असलं की रात्री दहा-अकराला शेजारणी हाका मारून बोलावतात, कुंकू वाहतात, फोटो काढतात. ते मेक्सिकोकडचं कॅक्टस, आणि हे एहरेटचं त्याच्याच नात्यातलं, तसंच एका रात्रीपुरतं, बाहेरच्या पाकळ्या पिवळसर आणि आतलं पांढरं. याच कॅक्टसचं अजून एक चित्र फार प्रसिद्ध आहे, थॉर्नटनच्या पुस्तकातलं १८०० सालचं, मागं चंद्र, नदी, चर्चच्या घड्याळात बाराचा ठोका होऊन गेलेला. सुंदर आहे, पण वेस्ट इंडिजचं झाड इंग्लंडच्या चर्चसमोर फुलवलंय, ते नाटकातलं नेपथ्य. मला त्यापेक्षा एहरेटचं मोकळ्या कागदावरचं फूल शंभर पटीनं आवडतं, तुम्हाला नाटक आवडत असेल तर ते घ्या, अंधाऱ्या भिंतीवर छान दिसेल.

रेदूतेची कोरफड ओघानं आलीच. त्याची पद्धत अशी की तांब्याच्या प्लेटवर रेघांऐवजी ठिपके कोरायचे, एकाच प्लेटवर कापडाच्या बोळ्यानं वेगवेगळे रंग भरून एकदाच छापायचं आणि मग वरून ब्रशनं हात फिरवायचा. त्यामुळे पानावरची ती पांढुरकी झाक रेघेशिवाय येते. चांगल्या स्कॅनच्या चांगल्या प्रिंटवर भिंग धरलंत तर ते ठिपके दिसतात, रेडीमेड सेटवर भिंग धरलं तर छपाईच्या मशीनचे रंगीत ठिपके दिसले, बाकी काही नाही.

पानफुटीचं चित्र कर्टिसच्या मासिकातलं आहे. हे लंडनचं मासिक १७८७ ला सुरू झालं, अजून चालू आहे, आणि १९४८ पर्यंत त्यातली चित्रं माणसं हातानं रंगवत होती. पान लहान असतं त्यामुळे ए-फोरच्या वर नेऊ नका. आमच्या समोरच्या काकू आल्या, बाकी कशाकडं बघितलं नाही, सरळ त्यासमोर जाऊन उभ्या, "अगं ही आमच्या मागच्या दारची पानफुटी की! एवढी फुलं येतात हिला?" येतात, लांब दांड्यावर लटकणारी, पण आपण पान तोडून कुंडीत खोचण्यापलीकडं तिच्याकडं बघतच नाही.

ज्यांना भडक रंग हवेत त्यांनी मेरी ईटनची कॅक्टसची चित्रं बघा, ब्रिटन आणि रोझ या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांच्या चार खंडांतली, १९१९ ते १९२३. ती मी अजून छापलेली नाहीत, स्क्रीनवर बघितलीत, मुलांच्या खोलीला चांगली.

छपाई. बेळगावातल्या बहुतेक डिजिटल प्रेसवाल्यांचं काम लग्नपत्रिका, बॅनर, बिलबुकं असं असतं, त्यामुळे गेल्या गेल्या ग्लॉसी कागद पुढं करतात. नको म्हणायचं. मॅट, निदान २५० जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप), आणि शक्य असेल तर पिगमेंट इंकचा, म्हणजे रंगाच्या बारीक कणांच्या टिकाऊ शाईचा प्रिंटर, तो लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका लॅबकडं मिळाला. तिथल्या पोराला दोन गोष्टी बजावून सांगितल्या, ऑटो करेक्शन बंद ठेव आणि कागदाचा पिवळेपणा घालवू नको. त्यानं आधी एका कोपऱ्याची पट्टी छापून दाखवली, जांभळा थोडा निळ्याकडं झुकत होता तो सुधारला, मग बाकीचं सोडलं. पट्टी मागाच, कुणी नाही म्हणत नाही. ए-थ्रीला एका प्रिंटचे तीनशेच्या आसपास पडले.

फ्रेमिंग शहापुरातल्या एका जुन्या दुकानात केलं. दुकानात सगळीकडं विठोबा, दत्त, शिवाजी महाराज, निवृत्तीच्या सत्काराची मानपत्रं, एका कोपऱ्यात बसवेश्वर. त्यात माझी माकडशिंगं. दुकानाच्या मामांनी प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बघितली, मग म्हणाले, "अक्का, खाली एवढी मोकळी जागा कशाला? कापूया की, चित्र मोठं दिसंल."

"नको मामा, ती नावाची ओळ आहे, तीच तर पाहिजे."

"मग पट्टी बारीक घेऊया, जाड पट्टीत हे दबतंय बघा."

आणि तिथं मला कळलं की बरोबर माणसाकडं आलोय. त्यांनी अर्ध्या इंचाची सागवानी रंगाची पट्टी काढली, मळखाऊ पांढरा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट, खालची बाजू वरच्यापेक्षा जराशी जास्त ठेवून कापला, कोपरे इतके साफ की बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. सोनेरी पट्टीचा आग्रह अजिबात केला नाही. लॅमिनेशन करू का म्हणून एकदा विचारलं, नको म्हटल्यावर परत नाही. लॅमिनेशन खरंच करू नका, मॅट कागदाचा सगळा जीव जातो आणि बल्बचा उजेड मधोमध चमकतो. फ्रेमला साइजप्रमाणे आठशे ते हजार पडले. वेळ लागला, सणाच्या आधी टाकलं होतं त्यामुळे गणपतीची गर्दी उरकल्यावरच मिळालं, पण सांगितलेल्या दिवशी मिळालं. दुकानाचं नाव इथं टाकत नाही, मामांनीच नको म्हटलंय, हाताखाली माणसं नाहीत, जास्त काम झेपत नाही.

आता आमच्याकडचा खरा प्रश्न म्हणजे पाऊस. बेळगावात जून ते सप्टेंबर भिंती घाम फुटल्यागत ओल्या असतात, खानापूरकडं तर विचारूच नका. कागद आणि काच एकमेकांना चिकटली की दमटपणात कागद काचेला धरतो, मग काढताना रंगच निघून येतो, म्हणून माउंट लावायचा, त्यानं मधे हवा राहते. मागं साधा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड, लावला की तो पाणी ओढून फुगतो, मी थोडे जास्त पैसे देऊन मरीन प्लाय लावून घेतला आणि कडेनं टेप. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणं, म्हणजे फ्रेम भिंतीला टेकत नाही, मागून वारा फिरतो. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर पावसाळ्यात काही लावू नका, घरातल्या मधल्या भिंती कोरड्या असतात तिथं लावा. जुन्या पानांवर जे तपकिरी ठिपके दिसतात ते बरेचदा अशाच दमटपणाचे, स्कॅनमध्ये असतील तर असूदेत, नवीन मात्र पडू देऊ नका. गेला पावसाळा माझ्या पाचही फ्रेम्सनी काही न होता काढला. रेडीमेड सेटमधल्या दोन मी तात्पुरत्या क्लिप-फ्रेममध्ये घातल्या होत्या, त्या कडेनं लाटा आल्यागत झाल्यात.

उन्हाचं पण बघा. थेट ऊन पडत असेल तिथं पिगमेंट इंकसुद्धा फार टिकणार नाही, विशेषतः गुलाबी आणि पिवळा आधी जातो. आणि काच पुसताना स्प्रे काचेवर मारू नका, फडक्यावर मारा, नाहीतर पाणी कडेनं आत उतरतं आणि माउंटवर डाग पडतो तो कायमचा.